डॉलरमधला पगार आणि धानातली फी

गोंदिया शहराला लागूनच असलेल्या फुलचूरमध्ये मुलांच्या शाळेचा विषय निघाला की दोन गोष्टी ठामपणे ऐकायला मिळतात. परदेशात शिक्षकांना रग्गड पगार, म्हणून तिथलं शिक्षण भारी. आणि कॉन्व्हेंटची, म्हणजे खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची, फी जास्त, म्हणून तिथले शिक्षकही तोलामोलाचे.

आधी पगार घेऊ. अमेरिकेत सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा 2023-24 मधला सरासरी वार्षिक पगार सुमारे 72 हजार डॉलर. 85 ने गुणलं की 61 लाख होतात आणि डोळे पांढरे होतात. पण तो पगार खर्चही तिथेच होतो. घरभाडं, दवाखाना, केस कापणं, सगळं तिथल्या भावाने. म्हणून अशी तुलना क्रयशक्तीच्या दराने करतात. त्या मापाने डॉलर वीस-बावीस रुपयांचा पडतो आणि 61 लाखांचे 15 लाख उरतात. शिवाय हा पगार त्या देशाच्या दरडोई उत्पन्नापेक्षा कमीच आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या कायम गुरुजींचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं, वर निम्म्याहून जास्त महागाई भत्ता. वर्षाचे साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक. अर्थात तिथवर पोचण्याआधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 16 हजार मानधन मिळतं. 2023 च्या आधी ते फक्त 6 हजार होतं. याची लाज शासनाला वाटायला हवी होती.

आणि पगारावरच शिक्षण ठरत असतं, तर सगळे लक्झेंबर्गचे गोडवे गात बसले असते, कारण सर्वाधिक पगार तिथे. नाव निघतं ते फिनलंडचं. तिथले पगार श्रीमंत देशांत मध्यमच, पण पदव्युत्तर पदवीशिवाय कायम शिक्षक होता येत नाही.

आता फी. वर्षाला 25 हजार धरली तर 2025-26 च्या 2,369 रुपये हमीभावाने साडेदहा क्विंटल धान गेलं. बस, पुस्तकं, ट्यूशन वेगळंच. यातून शिक्षकाला काय मिळतं? 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेतही ठरलेली वेतनश्रेणी द्यायला हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कायम गुरुजींच्या पगाराचा लहानसा हिस्साच तिथल्या मॅडमच्या हाती पडतो. फीचा आकडा शिक्षकाबद्दल फारसं काही सांगत नाही.

‘झेडपीत इंग्रजी नाही’ हेही खरं नाही. 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, अनेक शाळांत सेमी-इंग्रजीही आहे. इथे कित्येक घरांत पोवारी किंवा हिंदी बोलतात, म्हणजे शाळेतली मराठीही पोराला नवीच. त्यावर थेट इंग्रजी माध्यम लादलं की ट्यूशनचा खर्च आलाच.

कॉन्व्हेंटच हवं असेल, तर शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांसाठी अर्ज जरूर करा. मात्र ही सवलत आठवीपर्यंतच. नववीची पूर्ण फी झेपेल का, हा हिशेब पहिलीतच मांडलेला बरा.