तर्री टाकायची कुठे? घरातल्या पातळ कचऱ्याविषयी

मागच्या व्याख्यानात आपण ओल्या कचऱ्याचं खत कसं होतं ते पाहिलं. शेवटी प्रश्नोत्तरांत एका काकूंनी विचारलं, "देठं, साली हे सगळं ठीक. पण पाहुणे गेल्यावर पातेल्यात जी तर्री उरते तिचं काय करायचं? पिशवीत टाकली की जिनाभर थेंब, आणि मोरीत ओतली की मोरी तुंबते." त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज फक्त तोच प्रश्न घेऊ.

छावणीत हा प्रश्न यावा यात नवल नाही. नान खलियाचं गाव आपलं. खलियावरचा लाल तवंग जेवताना शान असतो आणि भांडी घासताना डोकेदुखी.

पिशवी गळाली की आपण पिशवीला नावं ठेवतो आणि तिच्यावर दुसरी चढवतो. पण हाडाचं एखादं टोक दोन्ही पिशव्यांतून आरपार जातं. एवढंसं भोक पडलं तरी पातळ पदार्थ तिथूनच वाट काढतो. शिवाय पिशवी घंटागाडीत पडते, तिच्यावर आणखी पन्नास घरांच्या पिशव्या येतात, पुढे मोठ्या गाडीत यंत्राने सगळं दाबलं जातं. तिथे कसली पिशवी टिकणार? जे गळतं ते पहिल्यांदा पडतं गाडीवरच्या माणसाच्या हातावर आणि पायावर. म्हणून पिशवी जाड करण्यापेक्षा आतला पदार्थ पातळ राहणार नाही हे बघायचं. सगळी युक्ती एवढीच आहे.

तर्रीचं उत्तर मग सोपं होतं. पातेलं रात्रभर थंड होऊ द्या, शक्य असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. मटणाची चरबी आणि वनस्पती तूप गार झाल्यावर वर थिजतं. सकाळी ते उलथन्याने काढून कागदात गुंडाळा. खालचा रस्सा गाळणीने गाळा. चोथा ओल्या कचऱ्यात जाईल, आणि उरलेलं पातळ पाणी मोरीत गेलं तर फारसं बिघडत नाही. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल मात्र थिजत नाही. त्याला शोषून घेणारं काहीतरी लागतं. लाकडाच्या वखारीतला भुसा यासाठी उत्तम. नाहीतर चुलीची पूर्ण विझलेली राख, जुनं वर्तमानपत्र, वाळवलेला चहाचा चोथा. दुधाच्या रिकाम्या पिशवीत मूठभर भुसा घालायचा, त्यावर तेल ओतायचं, आणि पिशवी उलटी धरून बघायचं. थेंब पडला तर अजून भुसा. आंबलेलं ताक, नासलेली डाळ, बाळाची उलटी, सगळ्याला हीच रीत.

समोशांच्या हंगामात कढईभर तेल उरतं, ते असं शोषवत बसू नका. झाकणाच्या बाटलीत साठवा. वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करता येतं. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून असं तेल गोळा करण्याची योजना चालवली आहे. ती प्रामुख्याने हॉटेलांसाठी आहे, पण सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून डबा भरला तर विचारून बघायला हरकत नाही.

"गरम पाणी आणि साबण टाकला की तेल जातं ना?" असंही कोणीतरी म्हणालं होतं. जातं, पण आपल्या नजरेआड. पुढे पाइपात पाणी गार होतं आणि चरबी भिंतीला चिकटते. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्याच्याशी चरबीतल्या आम्लांचा संयोग होऊन न विरघळणारा, साबणासारखा चिकट थर बनतो. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागाच्या गटारात असा अडीचशे मीटर लांबीचा, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता.

आपल्या गल्लीत चेंबर तुंबलं की काय होतं? कोणाला तरी बोलावलं जातं. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ते थांबलेलं नाही. तुंबलेल्या जागी हवा पोचत नाही, म्हणून सडताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास गेलासा वाटतो. आत उतरलेला माणूस तेव्हाच फसतो.

आणि जे तुंबत नाही ते उताराने खामकडे जाऊ पाहतं. लोखंडी पुलावर उभं राहून खाली पाहिलंत तर जास्त सांगायला नको. खाम पुढे गोदावरीला, नाथसागराकडे जाते, आणि शहराच्या नळाला पाणी येतं ते नाथसागरातूनच.

आता जे भुशात शोषवूनही ओल्या कचऱ्यात चालत नाही, ते बघू. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, रंग, थिनर, गाडीचं जुनं ऑइल. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा वस्तूंना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं. त्या वेगळ्या द्यायच्या आहेत. औषध बाटलीतच राहू द्या, झाकण घट्ट लावा. दिवाळीचा पाण्यात कालवायचा रंग उरला तर डब्यात वाळू घालून, झाकण उघडं ठेवून दगडासारखा घट्ट होऊ द्या. ऑइलपेंट आणि थिनर घट्ट बंद डब्यातच द्या, उन्हात ठेवू नका.

दोन गोष्टींत गंमत करू नका. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी एका बाटलीत ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. दुसरी गोष्ट सुतारकाम करणाऱ्या घरांसाठी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, आणि हे तेल भुशातही जिरवू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती साठते आणि काडी न लावता पेट घेते. चिंध्या मोकळ्या जागी एकेक पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

देताना एवढंच. छावणीत कचऱ्याचं काम छावणी परिषदेकडे, पुलापलीकडे महापालिकेकडे. घातक कचरा कुठल्या दिवशी, कुठे घेतात हे आपापल्या गाडीवाल्याला विचारा, आणि तोवर ती बाटली मुलांच्या हाताला येणार नाही अशा फळीवर, नाव लिहून ठेवा. घंटागाडीवरच्या दादांच्या हातात देताना "यात रंग आहे" हे तोंडाने सांगा. त्यांना बाटलीतून दिसत नाही.