५०.२ चा घोळ: सोलर इन्व्हर्टर ग्रिडला कसा सांभाळतो?

आजचा विषय आहे छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर. पॅनलची डीसी वीज एसी करणारा डबा, एवढीच त्याची ओळख असते. पण त्याच्या एका सेटिंगमुळे जर्मनीत सगळ्या ग्रिडची झोप उडाली होती.

आधी बेसिक. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. सायकलवर डबलसीट चाललाय आणि मागचा मित्र अचानक उतरला, तर त्याच जोराने पॅडल मारूनही सायकल पळायला लागते ना? तसंच मागणी घटली की जनरेटर जोरात फिरतात आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर जाते. मागणी वाढली की खाली येते.

जर्मनीत छोट्या सोलरसाठी नियम होता: फ्रिक्वेन्सी ५०.२ झाली की इन्व्हर्टर लगेच बंद. ग्रिडमध्ये गडबड दिसली की छोट्यांनी बाजूला व्हायचं, असा साधा विचार. सोलर थोडं होतं तोवर ठीक होतं. पण २०११ च्या शेवटी तिथे जवळपास २५,००० मेगावॅट सोलर झालं होतं आणि त्यातल्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये हाच आकडा होता. भर उन्हात ५०.२ झालं असतं, तर हजारो मेगावॅट एका झटक्यात गायब! युरोपच्या जोडलेल्या ग्रिडमध्ये अशा धक्क्यासाठी तातडीची राखीव क्षमता होती ३,००० मेगावॅट. म्हणजे वीज जास्त झाली म्हणून सुरू झालेली गडबड वीज कमी पडून ब्लॅकआउटपर्यंत गेली असती.

उपाय काय? आमच्या कोडिंगच्या भाषेत, ‘इफ-एल्स’ काढून उतार टाकला. ५०.२ च्या वर दर ०.१ हर्ट्झला पॉवर ४ टक्क्यांनी कमी करायची, आणि ५१.५ च्या वर गेल्यावरच बंद. म्हणजे ५ किलोवॅट देणारा इन्व्हर्टर ५०.७ ला ४ किलोवॅट देणार. मग उरलेली वीज जाते कुठे? ती बनतच नाही. इन्व्हर्टर पॅनलचं व्होल्टेज थोडं सरकवतो आणि करंट कमी घेतो, पॅनल जरासं जास्त तापतं, बस्स.

नवीन इन्व्हर्टरना हे सोपं होतं. जुन्यांसाठी २०१२ मध्ये वेगळा नियम काढून तीन लाखांहून जास्त ठिकाणी सेटिंग बदलायची मोहीम हाती घ्यावी लागली.

आपलं ग्रिडही ५० हर्ट्झचंच आहे, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य आहे एक कोटी घरं. एकट्या इन्व्हर्टरने काय फरक पडतो? काहीच नाही. पण लाखो इन्व्हर्टर एकाच क्षणी एकच गोष्ट करतात, तेव्हा ते एका मोठ्या पॉवर प्लांटसारखे वागतात. म्हणून ही सेटिंग आधीच नीट हवी, नंतर घरोघरी फिरणं महागात पडतं.

घरी सोलर असेल तर इन्व्हर्टरचं ॲप उघडा. बऱ्याच ॲपमध्ये फ्रिक्वेन्सी दिसते. ४९.९७, ५०.०२ असा तो आकडा हलताना बघा, अख्ख्या देशाची नाडी आहे ती. चला, भेटू पुढच्या भागात!