ट्रॅक्टरच्या चाकांना स्पेसर बसवावेत काय?

सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा व सरी पद्धतीने होऊ लागल्यापासून ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतराचा प्रश्न शेतकरी बंधू वारंवार विचारू लागले आहेत. रुंद वरंब्यावर पिकाच्या ओळी घ्यावयाच्या, दोन्ही बाजूंच्या सऱ्यांतून जादा पाणी काढून द्यावयाचे आणि ट्रॅक्टरची चाकेही त्या सऱ्यांतूनच चालवावयाची, अशी ही पद्धत आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या भारी जमिनीसाठी तिचा अभ्यास केला, तेव्हा दर १५० सें.मी. अंतरावर एक सरी असे प्रमाण धरले होते. तेथील बैलांनी ओढावयाच्या चाकांच्या औताची चाकेही तेवढ्याच अंतरावर ठेवलेली होती. आपल्याकडील ट्रॅक्टरची मागची चाके मात्र बहुधा १३० ते १३५ सें.मी. अंतरावर असतात. परिणामी एक चाक सरीत तर दुसरे वरंब्याच्या कडेवर चढलेले, असे दृश्य पेरणीच्या वेळी दिसते. भुसभुशीत केलेली माती चाकाखाली दाबली जाते व कडेच्या ओळीची उगवण विरळ होते.

अशा वेळी तालुक्याच्या गावातील कारागिराचा सल्ला ठरलेला असतो : चाकामागे स्पेसर घाला, म्हणजे काम झाले. सल्ला सोपा आहे आणि सर्वस्वी चुकीचाही नाही. परंतु त्यात काय मिळते व काय गमवावे लागते, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यावर उमटणाऱ्या चाकोऱ्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. डाव्या चाकोरीच्या मध्यापासून उजव्या चाकोरीच्या मध्यापर्यंत जे अंतर भरते, तेच ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधील अंतर होय. ते टायरच्या बाहेरच्या कडांवरून मोजण्याची चूक अनेक जण करतात. स्पेसर म्हणजे लोखंडाची, पोलादाची किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची जाड गोल चकती. हब, म्हणजे गाडीवानाच्या भाषेत तुंबा, आणि चाकाची तबकडी यांच्यामध्ये ती बसवितात. तिच्या जाडीइतके चाक बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना ५ सें.मी. जाडीच्या चकत्या घातल्या की चाकांमधील अंतर १० सें.मी.ने वाढते.

यापासून होणारा पहिला लाभ वर सांगितलाच आहे. चाके सरीत राहतात, वरंब्याची माती मोकळी राहते आणि पुढे कोळपणी व फवारणी याच सऱ्यांतून करता येते. दुसरा लाभ तोल सांभाळण्याचा. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सें.मी. उंचीवर आहे असे समजू. चाकांमधील अंतर १३० सें.मी. असता तो कागदावर सुमारे ४१ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभा राहू शकेल. अंतर १५० सें.मी. केल्यास ही मर्यादा ४५ अंशांवर जाते. हे आकडे वाचून कोणी बांधावर ट्रॅक्टर घालू नये. पुढचा आस मधल्या एका खिळीवर डुलत असल्यामुळे ट्रॅक्टरचा खरा पाया चौकोनी नसून त्रिकोणी असतो. शिवाय एखादा खड्डा, एखादा दगड किंवा वेगात घेतलेले वळण ही मर्यादा कितीतरी खाली आणते. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जड ओझे उंच जागी जोडून ओढल्याने ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो, तो अपघात चाके कितीही रुंदावली तरी टळत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. एका मागच्या चाकावर ७०० कि.ग्रॅ. भार आहे आणि तो भार बाहेरच्या बेअरिंगपासून १५ सें.मी. अंतरावर पडतो, असे धरा. ५ सें.मी.चा स्पेसर घातला की हे अंतर २० सें.मी. होते. भार एका किलोनेही वाढला नाही, तरी आसाला वाकविणारा जोर एक-तृतीयांशाने वाढला. खांद्याजवळ धरलेली पाण्याची घागर हात लांब करून धरली की जड वाटते, त्यातलाच हा प्रकार. बेअरिंगवरील भारही त्यामुळे वाढतो, मात्र त्याच प्रमाणात नव्हे. तो किती वाढेल, हे आतील रचनेवर अवलंबून असते. परंतु थोडी वाढही महागात पडते. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार एक-पंचमांशाने वाढला, तर आयुष्य पूर्वीच्या सुमारे ५८ टक्के उरते. म्हणजे जे बेअरिंग दहा हंगाम चालावयाचे ते सहाव्या हंगामातच आवाज करू लागते. तेल गळू लागले की शेतकरी सीलला दोष देतो. मूळ कारण बाहेर चाकामागे बसलेले असते.

बेअरिंगपेक्षाही अधिक काळजी स्टडची घ्यावी लागते. चाक स्टडवर टांगलेले असते अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. नट आवळल्यामुळे चाकाची तबकडी हबवर घट्ट दाबली जाते आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण भार पेलते. नट किंचित सैल झाला की हे घर्षण नाहीसे होते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. तार वारंवार वाकविली म्हणजे जशी तुटते, तसाच तोही तुटतो. स्पेसर घातला की दाबावयाचे पृष्ठभाग वाढतात. ते समपातळीत नसले, त्यांवर रंग किंवा गंज असला, तर थोड्याच दिवसांत ते दबून नट सैल पडतात.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण येथे सांगणे आवश्यक वाटते. एका ऊसकरी गावात एका शेतकऱ्याने पेरणीसाठी तीन इंच जाडीच्या चकत्या लेथवर करवून घेतल्या. गंज चढू नये म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी चांगला जाड रंग दिला. खरिपाची पेरणी उत्तम झाली आणि गावात त्याचे कौतुकही झाले. पुढे चकत्या काढण्याचा कंटाळा करून त्याने त्याच स्थितीत उसाच्या ट्रॉल्या ओढावयास सुरुवात केली. नट सैल होतात हे चालकाने दोनदा सांगितले होते. दोन्ही वेळा ते आवळून काम पुढे चालू ठेवले गेले. तिसऱ्या वेळी, संध्याकाळी भरल्या ट्रॉलीसह वळण घेताना, डाव्या चाकाचे स्टड तुटले आणि ट्रॅक्टर त्या अंगावर बसला. चालक उडी मारून वाचला. त्याच वळणावरून अर्ध्या तासापूर्वी शाळेतील मुले घरी गेली होती.

या प्रसंगात दोष केवळ स्पेसरचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. त्या ट्रॅक्टरची चाके रुंद करण्याची सोय निर्मात्याने मुळातच दिलेली होती. ती कोणी वापरलीच नव्हती. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांची रिम व मधली खोलगट तबकडी हे दोन वेगळे भाग असतात. तबकडी उलटी करून, किंवा रिम तिच्या दुसऱ्या बाजूस जोडून, चाक आत-बाहेर घेता येते. इंग्लंडात १९४६ पासून तयार होऊ लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० या लहान ट्रॅक्टरमध्ये अशा रीतीने ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत चार-चार इंचांच्या टप्प्यांनी आठ अंतरे मिळत असत. त्यातील ६० इंच म्हणजे जवळजवळ बरोबर १५० सें.मी. होत. चाक बाहेर गेल्याने आसावरील जोर येथेही वाढतो. परंतु निर्मात्याने तो हिशेबात घेतलेला असतो आणि मध्ये नवा सांधा येत नाही. म्हणून ट्रॅक्टरसोबत मिळालेली पुस्तिका प्रथम उघडावी. ती हरवली असल्यास विक्रेत्याकडून मागून घ्यावी. रुंद अंतरावर ओढकाम करण्यास मनाई असल्यास तेही तीत लिहिलेले असते.

चाके उलटविताना टायरची दिशा सांभाळावी. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले असता टायरवरील खुरांची टोके वरच्या बाजूस जुळलेली दिसली पाहिजेत. तबकडी फिरविल्यावर दिशा चुकत असेल, तर डावे चाक उजवीकडे व उजवे डावीकडे बसवावे. टायरमध्ये पाणी भरलेले असल्यास चाक इतके जड होते की एकट्याने ते हाताळणे जिवावर बेतू शकते. पाणी आधी काढावे. केवळ जॅकच्या भरवशावर न राहता आसाखाली लाकडी ठोकळे द्यावेत.

पुढची चाके विसरून चालत नाही. मागची चाके सरीत आणि पुढची वरंब्यावर, असे झाल्यास सर्व खटाटोप व्यर्थ जातो. अनेक ट्रॅक्टरांचा पुढचा आस दोन्ही टोकांस सरकता असून त्याला ठरावीक अंतरावर छिद्रे असतात. तो सरकविल्यानंतर टाय रॉडची लांबीही त्या प्रमाणात जुळवावी लागते, नाहीतर टायर एका हंगामात झिजतात. पुढच्या चाकांना स्पेसर मात्र शक्यतो बसवू नयेत. चाक किंगपिनपासून दूर गेले की प्रत्येक ढेकळाचा धक्का चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचतो.

निर्मात्याच्या सर्व टप्प्यांनंतरही अंतर कमीच पडत असेल, तर मागच्या चाकांपुरता स्पेसरचा विचार करावा. लहान ट्रॅक्टरांच्या बाबतीत असे घडते. चकती त्याच नमुन्याच्या ट्रॅक्टरसाठी निर्मात्याने किंवा जाणत्या कारखान्याने केलेली असावी. हबच्या मधल्या उंचवट्यावर ती घट्ट बसली पाहिजे, केवळ स्टडच्या आधारे लोंबकळता कामा नये. सांध्याच्या पृष्ठभागांना रंग लावू नये. जुन्याच स्टडवर नट दोन-तीन आट्यांत अडकविणे हा तर सरळ धोका होय. स्टड जेवढा जाड, निदान तेवढी लांबी नटाच्या आत गेली पाहिजे. १८ मि.मी. जाडीच्या व १.५ मि.मी. आट्याच्या स्टडवर नटाचे पूर्ण १२ फेरे बसले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. कमी पडल्यास लांब स्टड बसवावेत. जोड देऊन किंवा वेल्डिंग करून ते वाढवू नयेत. समोरासमोरचे नट आळीपाळीने, पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने मोजपान्ह्याने आवळावेत. पहिल्या तास-दोन तासांच्या कामानंतर व पुढे आठवडाभर रोज सकाळी ते तपासावेत. नट पुन्हा पुन्हा सैल होत असल्यास चाक काढून कारण शोधावे, तोपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्येच राहू द्यावा.

पेरणी-कोळपणी संपली की चाके पूर्ववत करणे इष्ट. नांगराच्या रुंदीच्या मानाने चाके फार दूर असल्यास नांगर ट्रॅक्टरला एका बाजूस ओढतो. रोटाव्हेटरचेही तसेच आहे. टायरची रुंदी सुमारे ३४ सें.मी. धरली, तर १५० सें.मी. अंतरावरील चाकांचा बाहेरचा पसारा १८४ सें.मी. होतो आणि पाच फुटी, म्हणजे १५२ सें.मी.चा रोटाव्हेटर चाकांचे दाबलेले पट्टे पुसू शकत नाही. ऊसवाहतुकीविषयी वर लिहिले आहेच.

जीप व मोटारगाडी बाळगणारे काही तरुण चाके मडगार्डच्या कडेपर्यंत यावीत म्हणून स्पेसर घालतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. वळणावर गाडी किंचित कमी कलते आणि रुंद टायरला आतून जागा मिळते, हे खरे. परंतु बेअरिंग व स्टड यांविषयीचे वरील सर्व विवेचन तेथेही लागू आहे, आणि वेग कितीतरी अधिक आहे. एक चाक खड्ड्यात गेले की सुकाणूचक्र हातातून हिसकले जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास मनाई असून, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ती अधोरेखित केली आहे. सबब कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. शेतावर पिकाच्या ओळी वाचविण्याचे निमित्त तरी असते. येथे केवळ शोभेसाठी एवढी जोखीम का घ्यावी, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पेरणीयंत्राचे प्रात्यक्षिक ठेवण्यापूर्वी टेप घेऊन दोन मापे स्वतः घ्यावीत : यंत्राच्या सरी पाडणाऱ्या फाळांमधील अंतर आणि ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर. बाजारात येणाऱ्या सर्वच यंत्रांच्या सऱ्या १५० सें.मी.वर नसतात. कित्येकदा फाळ थोडे सरकविल्यानेच मेळ बसतो आणि चाकांना हात लावावा लागत नाही. चाके हलवावयाची असल्यास हे काम मे महिन्यात, जमीन कोरडी व हात मोकळे असताना उरकावे, आणि बसविलेले अंतर व तारीख मडगार्डच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावी, म्हणजे दुसरा चालक आला तरी त्याला ती चटकन दिसतील.