संख्यारेषेवरच्या फुल्या

बिलोली तालुका 1956 मध्ये हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1967 मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली. मग तेलंगणाच्या सीमेलगतच्या या तालुक्यातल्या पोरांच्या दप्तरात पुण्याचीच पुस्तकं आली. गणित म्हणजे पाढे आणि हिशेब, असा तो काळ. आकड्यांचं चित्र काढायचं असतं, हे प्राथमिक वर्गात उशिराच रुजलं. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्याला बळ दिलं.

पुढे बालभारतीच्या नव्या मालिकेत पाचवीला चित्रालेख आला (2015), सहावीला स्तंभालेख (2016), सातवीला जोडस्तंभालेख (2017). ताळ्याच्या खुणा होत्या. संख्यारेषाही होती, पण ती पूर्णांकांच्या धड्यात. संख्यारेषेवर प्रत्येक नोंदीसाठी एकेक फुली रचण्याचा आलेख आलेखांचे धडे आणि पूर्णांकांचा धडा यांच्या मधल्या फटीत राहून गेला. साहित्य घरात होतं, स्वयंपाक मात्र झाला नाही.

या आलेखाला खर्च खडूचा. समजा, बिलोलीतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या 12 मुलांनी आपापल्या पेन्सिली पट्टीने मोजल्या: 6, 7, 7, 8, 8, 8, 8, 10, 11, 11, 12 आणि एक कोरी करकरीत, 17 सेंटिमीटरची. पोरं हमखास 6, 7, 8, 10, 11, 12, 17 असे आकडे शेजारी-शेजारी मांडतात. 9 ची पेन्सिल कुणाकडेच नाही, मग 9 लिहायचा कशाला? पण मग कोरी पेन्सिल 12 ला चिकटून बसते आणि ती किती वेगळी आहे, हे दिसतच नाही. आवडत्या फळांच्या स्तंभालेखात आंब्याच्या जागी पेरू गेला तरी काही बिघडत नाही. इथे मात्र रिकामी जागाही बोलते.

वाचतानाची गफलत आणखी गमतीची. ‘सगळ्यात लांब पेन्सिल कोणती?’ असं विचारलं, की बोट 8 वर जातं, कारण फुल्यांची रास तिथेच उंच. 17 वर बिचारी एकच फुली. उंची म्हणजे किती जणांकडे आणि आडवी रेघ म्हणजे किती लांब, ही फोड करायला एक अख्खा तास गेला तरी तो वाया गेला म्हणू नये.

अमेरिकेत 2010 च्या कॉमन कोअर आराखड्याने हा आलेख दुसरीतच आणला. तिसरीत अर्धा-पाव, चौथीपासून अष्टमांशही. एनसीईआरटीच्या सातवीच्या नव्या पुस्तकात तो 2025 मध्ये आला, सरासरी आणि मध्यकाच्या सोबतीने.