आईबापांचें काम आणि मुलांची वाढ



शिक्षकाचा पेशा सोडून मला बरींच वर्षें झालीं. तथापि आईबाप भेटले म्हणजे एक प्रश्न अद्याप हटकून विचारतात. "मास्तर, आम्ही दोघेंहि नोकरी करतों, मुलाचें कांहीं नुकसान तर होत नाहीं ना?" विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा तासांचा हिशेब असतो. आई इतके तास बाहेर, बाप इतके तास बाहेर, मग मुलाच्या वांट्याला उरलें काय, अशी ती वजाबाकी. माझ्या मतें ही वजाबाकी पुरेशी नाहीं. आईबापांचें काम त्यांना कोणत्या अवस्थेंत घरीं पाठवितें, आणि केव्हां पाठवील हें मुलाला ठाऊक असतें कीं नाहीं, या दोन गोष्टी मी तासांहून अधिक महत्त्वाच्या मानतों.

हें मीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं चाळींत पाहिलें. मुंबईच्या गिरणगांवांत, परळला, दहा बाय बाराच्या खोलींत मी वाढलों. माझे वडील गिरणींत कायम कामगार होते. पहिली पाळी सकाळीं ७ ला, दुसरी दुपारीं साडेतीनला, तिसरी मध्यरात्रीं. रातपाळी असली कीं ते सकाळीं येऊन तोंडावर पांघरूण घेऊन निजत, आणि आम्ही चार भावंडें खुणांनीं बोलत असूं. त्यांच्याशीं चार शब्द बोलावयास मिळणें हीच त्या आठवड्यांत अपूर्वाई. पण पाळी बदलण्याच्या तारखेवर ते भिंतीवरच्या कॅलेंडरांत पेन्सिलीनें एक फुली करून ठेवीत, आणि ती फुली हेंच आम्हां मुलांचें पंचांग होतें. पाढे कोणत्या दिवशीं म्हणून दाखवावयाचे, सहलीचे पैसे केव्हां मागावयाचे, सारें तीवरून ठरे.

शेजारच्या खोलींतील काका बदली कामगार होते. बदलीवाल्यानें रोज डबा घेऊन गिरणीच्या दारांत उभें राहावयाचें. कायम माणसांपैकीं कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीं तर परत. त्यामुळें हे काका माझ्या वडिलांपेक्षां कितीतरी अधिक वेळ घरांत असत. तासांचा हिशेब खरा असता तर त्यांचा मुलगा आमच्याहून सुखी असावयास हवा होता. तो माझ्याच वर्गांत होता. गॅलरीच्या कठड्याशीं उभा राहून तो वडील परत येतात कीं काय तें पाही, आणि हातांतला डबा भरलेला आहे कीं रिकामा, हें त्यांच्या जिन्यावरील पावलांवरून ओळखी. डबा भरलेला, म्हणजे त्या दिवशीं वही मागावयाची नाहीं. वर्गांत आम्हां सर्वांचे डोळे फळ्याकडे असत. त्याचे मात्र मास्तरांच्या चेहऱ्याकडे. गणितांत तो कच्चा राहिला, तें बुद्धि कमी म्हणून नव्हे.

यामागील कारण सोपें आहे. लहान मूल कांहीं बोलतें, बोट दाखवितें. मोठें माणूस उत्तर देतें. त्या उत्तरावर मूल पुन्हां बोलतें. दिवसांतून शेंकडों वेळां चालणाऱ्या या देवघेवींतून त्याला शब्द येतात, धीर येतो, वाट पाहण्याची शक्ति येते. धास्तावलेला माणूस घरांत बसूनहि हें उत्तर देऊं शकत नाहीं. "गप्प बैस" एवढेंच म्हणतो. मूलहि मग आपली सारी हुशारी त्या माणसाचा राग चुकविण्यांत खर्च करूं लागतें.

पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार घरीं बसले. मी तेव्हां त्याच भागांत शिक्षक म्हणून नुकताच लागलों होतों. पुष्कळ मुलें गांवीं गेलीं. जीं राहिलीं त्यांचे वडील आतां दिवसभर घरीं; परंतु पाठांतर वाढलें नाहीं, उलट आवाज खालीं गेले. "माझे वडील" या विषयावर निबंध लिहावयास दिला, तेव्हां एका मुलानें लिहिलें, "माझे वडील पहिल्या पाळीला जातात." गिरणी बंद होऊन तेव्हां आठ महिने झाले होते. मीं तें वाक्य खोडलें नाहीं.

अमेरिकेंतहि १९२९ नंतरच्या मंदींत वाढलेल्या मुलांचा असाच अभ्यास ग्लेन एल्डर यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला. मिळकत घटल्याचा परिणाम मुलांपर्यंत बराचसा वडिलांच्या चिडखोरपणांतून व आईबापांच्या भांडणांतून पोंचतो, असें त्यांच्या संशोधनांत आढळलें. त्याच देशांत १९९१ सालीं हजाराहून अधिक नवजात बालकांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. आईनें एकटीनें वाढविलेलीं आणि इतरांनींहि सांभाळलेलीं मुलें यांच्या वाढींत त्यांना मोठा फरक दिसला नाहीं. घरच्या माणसांची वागणूक अधिक प्रभावी दिसली. तेव्हां नोकरी करणाऱ्या आयांनीं तासांचें ओझें मनावर घेऊं नये. अर्थात् घरीं बसून हातांतल्या फोनवर कचेरीला उत्तरें देणाऱ्या बापानें आपण मुलाजवळ आहों अशी समजूत करून घेऊं नये, हेंहि त्याबरोबर आलेंच.

सन २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वा अधिक माणसें कामावर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचें बंधन आलें, आणि आईला दिवसांतून चार वेळां तेथें जाण्याची मुभा मिळाली. चांगली गोष्ट झाली. परंतु आपल्या घरांत पोळ्या करावयास येणाऱ्या बाईला यांतलें कांहीं नाहीं. तिची गिरणी म्हणजे आपण; आणि तिची पाळी केव्हां सुटेल हें पुष्कळदां आपल्यालाच ठाऊक नसतें.

मीं स्वतः आमच्या बाईंना "आज पाहुणे आहेत, तासभर थांबा" असें कित्येकदां ऐन वेळीं सांगितलेलें आहे. एके दिवशीं त्यांची सात वर्षांची मुलगी आमच्या जिन्यांत बसलेली दिसली. आई केव्हां सुटेल ग, असें सहज विचारलें, तर आमच्या दाराबाहेरच्या चपलांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "त्या किती आहेत त्यावर." तेव्हांपासून पाहुण्यांची तारीख बाईंना आठवडाभर आधीं सांगावयाची, आणि आयत्या वेळीं कोणी आलेंच तर पोळ्या आपण लाटावयाच्या, असें आमच्या घरांत ठरलें आहे. माझ्या पोळ्या अजून गोल होत नाहींत.