कॅमेऱ्याला सांगा, कोणाकडे बघायचं ते!



मागच्या महिन्यातली आपली ऑनलाइन सभा आठवते ना? हॉलमध्ये एक मावशी कर्जाच्या हप्त्यांची अडचण सांगायला उठल्या. माईक हातात घ्यायची त्यांची पहिलीच वेळ. नेमकी तेव्हाच मी हजेरीचं रजिस्टर घेऊन त्यांच्या पुढून गेले आणि कॅमेरा मावशींना सोडून माझ्यामागे फिरला. गावोगावी मोबाइलवर बघणाऱ्या बायकांना आवाज मावशींचा आला, पण दिसले मी! दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने विचारलं, "ताई, रेकॉर्डिंगमध्ये आमच्या आत्याबाई कुठंच कशा नाहीत?" मला फार वाईट वाटलं. सेटिंग न बघता कॅमेरा चालू केला होता मीच.

हा कॅमेरा काय करतो?

आपल्या हॉलमधल्या कॅमेऱ्याला पीटीझेड म्हणतात. पॅन म्हणजे डावीकडे-उजवीकडे फिरणं, टिल्ट म्हणजे वर-खाली होणं आणि झूम म्हणजे चित्र जवळ आणणं. हे सगळं रिमोटवरून करता येतं. 'ऑटो ट्रॅकिंग' चालू केलं की कॅमेरा चित्रातलं माणूस ओळखतो आणि ते चौकटीत राहावं म्हणून आपोआप वळत राहतो.

पण बोलतंय कोण, हे आपल्या कॅमेऱ्याला कळत नाही. तो चित्रावर चालतो, आवाजावर नाही. त्यामुळे दोन माणसं एकमेकांच्या पुढून गेली की तो गोंधळतो आणि भलत्याच्याच मागे जातो.

मेनूमध्ये काय बघायचं?

प्रत्येक कंपनीच्या मेनूत नावं थोडी वेगळी असतात, सगळ्याच कॅमेऱ्यांत सगळ्या सोयीही नसतात. पण साधारण या ५ गोष्टी बघाव्यात.

१. माणूस निवडणं. बोलणारी ताई जागेवर उभी राहिली की मगच ट्रॅकिंग चालू करा. पडद्यावर तिच्याभोवती चौकट दिसत असेल, तर ती तिच्यावरच आहे ना, हे बघा.

२. माणूस किती मोठं दिसावं. पूर्ण अंग, कमरेपासून वर किंवा फक्त चेहरा, असे पर्याय असतात. सभेसाठी कमरेपासून वर ठेवा. फक्त चेहरा ठेवला तर जरा मान हलली तरी कॅमेरा हलतो आणि बघणारीला गरगरतं.

३. संवेदनशीलता आणि वेग. संवेदनशीलता जास्त ठेवली तर प्रत्येक बारीक हालचालीवर कॅमेरा वळतो. एका जागी उभं राहून बोलायचं असेल तर दोन्ही कमी ठेवा. फिरत फिरत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी थोडं वाढवा.

४. हद्द. किती भागात माणूस शोधायचं, ते ठरवून देता येतं. दार आणि चहाचं टेबल हद्दीबाहेर ठेवा, म्हणजे चहा घेऊन येणाऱ्या ताईमागे कॅमेरा जाणार नाही.

५. माणूस दिसेनासं झालं तर? तिथेच थांबायचं, झूम कमी करायचं की ठरलेल्या जागी परत यायचं, हे निवडता येतं. आपण 'ठरलेल्या जागी परत' ठेवू. ती जागा म्हणजे बोलणारीची जागा.

ट्रॅकिंग कधी बंद ठेवायचं?

गोल बसून चर्चा असेल तर बंदच ठेवा. त्याऐवजी 'प्रीसेट' वापरा, म्हणजे कॅमेऱ्याच्या ठरवून साठवलेल्या जागा. १ नंबरला पूर्ण हॉल, २ ला बोलणारीची जागा, ३ ला टेबल. नंबर दाबला की कॅमेरा तिथे वळतो. मसाल्याचं पॅकिंग किंवा शिवणकाम दाखवायचं असेल तेव्हा ३ नंबर लावा. तिथे हात दिसायला हवेत, ट्रॅकिंग तर माणसाकडे बघतं.

सभेआधीची १० मिनिटं

एकीने बोलायच्या जागी उभं राहायचं, दुसरीने मुद्दाम तिच्या पुढून जायचं. कॅमेरा पहिलीवरच राहिला तर सेटिंग जमलं. नाही राहिला तर वेग आणि हद्द पुन्हा बघायची. बोलणारीच्या पाठीमागे उघडी खिडकी नको. उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो आणि कॅमेऱ्यालाही माणूस नीट ओळखता येत नाही. सभा चालू असताना एकीने रिमोट हातातच ठेवायचा.

आणि सगळ्यात आधी, "रेकॉर्डिंग चालेल का?" हे प्रत्येकीला विचारायचं. घरातली अडचण सांगणारी ताई नको म्हणाली, तर रेकॉर्डिंग बंद करायचं आणि कॅमेरा दुसरीकडे वळवायचा.

पुढच्या सभेआधी एक तास रिमोटचा सराव ठेवते आहे. प्रत्येक गावातून एकीने तरी यावं. त्या मावशींना मी पुन्हा बोलायची विनंती केली आहे. त्या हो म्हणाल्यात. या वेळी हजेरी मी सभा सुरू होण्याआधीच घेणार!