आज्ञा तीच, वाट बदललेली

उज्जैन हे प्राचीन भारतीय ज्योतिर्गणिताचे शून्य देशांतर. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी मध्यरेषा धरून इतर गावांच्या वेळा साधल्या जात. ती रेषाच सरकली, तर निरीक्षण अचूक असूनही गणित चुकणार. कार्यालयातील संगणक कालची आज्ञा आज ‘ओळखता येत नाही’ म्हणतो, तेव्हा बहुधा असेच घडलेले असते.

विंडोज प्रणाली ‘पाथ’ नावाची यादी सांभाळते. आज्ञा टंकली की आधी चालू फोल्डर, मग यादीतील फोल्डर क्रमाने धुंडाळले जातात. ‘सेटएक्स’ने भर घालताना यादी १०२४ अक्षरांपलीकडे गेली, तर उरलेला भाग कापला जातो. रात्रीचा हिशेबाचा बॅकअप त्या भागावर अवलंबून असेल, तर बिघाड कळतो तो प्रत हवी असते त्या दिवशीच.

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर’ ही आज्ञा दिल्यास नेमकी कोणती फाइल चालते ते दिसते. अनोळखी फोल्डर यादीत अग्रस्थानी असल्यास प्रकरण गंभीर मानावे. त्याच नावाची बनावट फाइल आधी चालू शकते. रजिस्ट्रीतील ‘ऑटोरन’ नोंदही पाहावी. प्रॉम्प्ट उघडताच ती निमूटपणे अमलात येते.

दुरुस्ती दीड-दोन तासांत पुसली जात असेल, तर मुख्य कार्यालयाच्या ‘ग्रुप पॉलिसी’चा संशय घ्यावा, ती साधारण ९० ते १२० मिनिटांनी पुन्हा लागू होते. तेथे हिशेबनिसाने झगडण्यात अर्थ नाही, संगणक व्यवस्थापकालाच गाठावे. आणि दुरुस्तीनंतर प्रॉम्प्टची नवी खिडकी उघडावी. आधीची खिडकी जुनीच यादी धरून बसते.